हंटरच्या पोटाखाली

बाबांनी विमानावर पहिला घण घातला तेव्हा मी भज्यांच्या कढईपाशी उभी होते. आवाज मोठं पत्र्याचं पिंप फुटावं तसा आला, पोकळ आणि फाटका. ढोलवाले थांबले. मान वर करून पाहते तर माझा सत्तरी ओलांडलेला बाप, गळ्यात झेंडूचा हार, छातीवर जुनी पदकं, आणि दोन्ही हातांत मंडपवाल्याचा खुंट ठोकायचा घण. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी तो परत उचलला.

आमचं जाम गावाला हायवेवर नाश्त्याचं हॉटेल आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या आणि चंद्रपूरकडे वळणाऱ्या एसट्या, दोन्हींचे प्रवासी आमच्याकडे तर्री-पोहे खाऊन गेलेले. ते बाबांनी उभं केलं, हवाई दलातून सुटून आल्यावर. तिथं ते आर्मरर होते, म्हणजे लढाऊ विमानांच्या तोफा आणि बॉम्ब भरणारे. हात असे की नारळ दगडावर न आपटता फोडत. आणि राग तसाच. एकदा एका दारू प्यायलेल्या ट्रक ड्रायव्हरनं आईचा हात धरला, तर बाबांनी त्याचा तोच हात भट्टीच्या कडेवर दाबला. माणूस किंचाळत होता आणि बाबा शांतपणे विचारत होते, "आता कोनाचा हात धरशीन?" मलाही मार बसे. गणित चुकलं म्हणून नाही, दूध उतू गेलं म्हणून. दूध उतू जाऊन स्टोव्ह भडकला की ते वेडेपिसे होत. आगीची भीती आहे हे आम्हाला कळायला हवं होतं, पण ज्याच्या हातचा मार बसतो त्याला कशाची भीती वाटत असेल हे लेकराच्या डोक्यात येत नाही.

या माणसाची एकच हौस होती. लोक लेकरांना शेगावला नेतात, रामटेकला नेतात. बाबा मला विमानं दाखवायला नेत. पहिल्यांदा दिल्लीच्या संग्रहालयात गेलो तेव्हा मी सातवीत होते. चित्रांत पाहून मला वाटे, लढाऊ विमान म्हणजे केवढं तरी धूड असेल. जवळ गेले तर एक आमच्या एसटीपेक्षाही आखूड. अंगावर रिव्हेटांच्या रांगा, गोधडीवर टाके असतात तशा. जुन्या रबराचा आणि वंगणाचा वास. पंखावर लाल अक्षरांत पाय न ठेवण्याची सूचना. शिडीवरून आत डोकावले, तर वैमानिकाची जागा एवढी अरुंद की मला वाटलं, माणूस यात बसत नसेल, याला तो कपड्यासारखा घालत असेल.

बाबा त्या दिवशी वेगळेच होते. बोट धरून हिंडवत होते. हवा इथून आत घुसते, इथं पेटते, मागून धग बाहेर पडते. हे बॉम्बचं, हे टेहळणीचं. मी काहीही विचारलं तरी चिडत नव्हते. मग एका विमानापाशी त्यांनी माझं बोट सोडलं. "जाय, पानी पिऊन ये," म्हणाले.

मी परत आले तेव्हा ते दोराखालून आत शिरले होते. करड्या-हिरव्या रंगाचं, लांब नाकाचं विमान. ते त्याच्या पोटाखाली उकिडवे बसले होते. तळवा पत्र्यावर टेकवलेला, तोंड अगदी जवळ नेलेलं, आणि ओठ हलत होते. पहारेकऱ्यानं शिटी मारली तरी हलले नाहीत. मला वाटलं, नमस्कार करताहेत, मंत्र म्हणताहेत. मीही दोराबाहेर हात जोडून उभी राहिले.

ते हंटर जातीचं लढाऊ विमान होतं. पुढं मी मोठी झाले, लग्न झालं, नवऱ्याबरोबर गोव्याला गेले, बंगळुरूला गेले, तिथलीही विमानं पाहिली. ती हौस मला त्यांच्याकडूनच आली. फोटो पाठवले की बाबांचा फोनवर एकच प्रश्न, "हंटर हाये काय तिथं?"

एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा एक सोबती गेला, एवढं घरात ठाऊक होतं. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गोंड कुटुंबातला पोरगा. दोघं एकाच वेळी भरती झाले, एकाच विमानतळावर लागले. त्याला एक धाकटी बहीण. ती अजून त्याच गावात आहे, दोन मुलं, थोडी शेती, रानातून मोहफुलं-तेंदूपत्ता. दर भाऊबीजेला बाबा तिच्याकडे जात आणि ती त्यांना ओवाळी. तिला मी आत्या म्हणते. बॉम्ब पडला, काही कळायच्या आत भाऊ गेला, असं तिला सांगितलेलं होतं. आम्हालाही तेच.

दोन वर्षांमागं हिंगणघाटच्या वाटेवर एका माणसानं मोठं लॉन बांधलं. लग्नं, वाढदिवस, समोर जेवणाचं हॉटेल. गिऱ्हाईक थांबावं म्हणून दर्शनी भागात त्याला विमान उभं करायचं होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेच्या आवारात एक गंजत होतं, ते त्यानं मिळवलं. ट्रेलरवर ताडपत्रीत गुंडाळून आणलं, पंख वेगळे. पडदे लावून आत जोडणी आणि रंगरंगोटी चालली. मालक स्वतः आमच्याकडे आला, पाया पडला.

"काका, तालुक्याच्या शहिदाचं नाव देऊन राह्यलो त्याले. त्याच्या बहिणीच्या हातानं पूजा, अन् नारळ तुमच्या हातानं."

बाबांनी विचारलं, "कोन्तं विमान हाये?"

"फायटर हाये काका, असली फायटर!"

बाबांनी पुढं विचारलं नाही. आजकाल सगळीकडे मिग ठेवतात, तसंच असेल असं त्यांना वाटलं असावं. नाश्त्याचं काम आमच्याकडे दिलं होतं.

हिवाळ्याचे दिवस होते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे ओळीनं लागल्या होत्या आणि लॉनच्या गवतावर कापसाचे पुंजके येऊन पडले होते. सकाळचं कोवळं ऊन. आजूबाजूच्या गावांतल्या पोरांनी पांढरे सदरे घातलेले, खांद्यावर तिरंगी पट्ट्या. आत्याला गाडी पाठवून आणलं होतं. नवी साडी, हातात कुंकवाचं ताट, आणि एवढ्या लोकांपुढं उभं राहायची भीती चेहऱ्यावर.

मालकानं दोरी ओढली. पडदा पडला.

मी लांबूनच ओळखलं. लांब नाक, पोटाखालचे दोन फुगवटे. चकचकीत नवा रंग, अंगावर झेंडूच्या माळा, आणि खाली संगमरवरी पाटीवर आत्याच्या भावाचं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

आत्या ताट घेऊन नाकाजवळ गेली. तिनं करंगळीजवळचं बोट कुंकवात बुडवलं.

"बाई, थांब," बाबा म्हणाले. "त्याले कुंकू लावू नोको."

मालक माइकवर हसला. "काका जरा भावुक झाले हायेत. जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या!"

"लावू नोको म्हन्तो ना मी!"

आत्या गोंधळली. सगळे तिला हातानं खुणावत होते, लावा, लावा. तिचं बोट पत्र्याला लागणार एवढ्यात बाबा वळले. मंडपाच्या खांबाशी घण टेकवून ठेवला होता.

पहिल्या घावानं पोटाखालचा फुगवटा चेपला. दुसऱ्यानं फाटला. त्यातून उंदरांचं घरटं आणि गंजलेला भुगा खाली सांडला. तिसरा, चौथा. प्रत्येक घावाबरोबर त्यांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडत होता, जो मराठी नव्हता. हार तुटून पायांत आला. नव्या रंगाचे पापुद्रे त्यांच्या केसांवर उडत होते. ते रडत नव्हते. ओकारी येताना माणूस जसा आतून पिळवटतो तसं त्यांचं सगळं अंग त्या घणाबरोबर वाकत होतं.

"अबे, बुढ्ढा पागल झाला! पकडा त्याले!"

एकानं मागून धरलं. बाबांनी कोपर मारलं, त्याचा ओठ फुटला. मग सगळे तुटून पडले. घण कुणीतरी हिसकावला. "देशद्रोही!" कोण ओरडलं ठाऊक नाही, पण तो शब्द पडला आणि त्यानंतर मारायला कुणाला लाज उरली नाही. ज्यांना मी रोज समोसे बांधून देते ती पोरं माझ्या बापाला लाथा मारत होती. पदकांतलं एक उपटून कुणी लांब भिरकावलं. त्यांचं डोकं सिमेंटच्या चौथऱ्यावर आपटलेलं मी ऐकलं.

मी धावले तेव्हा झारा माझ्या हातातच होता, तेल निथळत. आमच्या शेजारचा, पिकअप चालवणारा एक जण बाबांच्या छातीवर बूट ठेवून उभा होता. मी झारा त्याच्या गालावर चेपला. मारला नाही, चेपला. कातडीचा चर्र आवाज आला आणि वासही. तो मागं कोसळला आणि मी पुढच्याकडे वळले. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, दया आली नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. कुणीतरी माझे केस धरून मला ओढलं, माझा दात हलला, तोंडात रक्ताची चव आली, तरी मी झारा फिरवतच होते.

थांबवलं ते आत्यानं. ती त्या लाथांमध्ये शिरली आणि बाबांच्या अंगावर सरळ आडवी पडली. दोन-तीन लाथा तिला बसल्या. मग पोरांना दिसलं की आपण शहिदाच्या बहिणीला मारतो आहोत, आणि गर्दी एकदम मागं सरली. ताटातलं कुंकू सगळ्यांच्या पायांखाली पसरलं होतं. त्यातलं कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, मला सांगता आलं नसतं.

पोलिस आले. मालक तावातावानं सांगत होता, एवढं नुकसान, एवढा अपमान, शहिदाचा अपमान. हवालदार लिहून घ्यायला लागला. आत्या उठली. तिचं कपाळ सुजलं होतं.

"त्याच्यावर नाव कोनाचं हाये?" तिनं हवालदाराला विचारलं.

"तुमच्या भावाचं, मावशी."

"मंग मी म्हन्ते, फोडा. आता लिहा काय लिहाचं थे."

हवालदारानं पेन खिशात ठेवलं.

बाबांना हिंगणघाटला दवाखान्यात नेलं. बरगड्या मोडल्या होत्या, जबडा सुजून डावा डोळा बंद झाला होता, आणि त्या बाजूच्या कानानं ऐकू येत नव्हतं. ते आजही येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. मी संत्र्याचा रस काढत होते.

"दादा, आता सांग," ती म्हणाली. "काऊन फोडलं?"

 बाबा भिंतीकडे पाहत बोलायला लागले. जबड्यामुळे शब्द जड येत होते.

"सकाळी आमी तोफा भरून राह्यलो होतो. हंटरच्या पोटात चार तोफांचा एक पेटारा असते. रिकामा खाली उतरवाचा, भरलेला वर चढवाचा. मी बाजूनं वर ओढून राह्यलो होतो अन् थो पोटाखाली उताना, खालून बसवत होता. भोंगा वाजला अन् तिकडची विमानं दिसली, दोन्ही संगच. झाडाएवढ्या उंचीवरून आले. मी आडवा पडलो. त्यायच्या गोया जमिनीवरून चालत आल्या अन् आमच्या विमानाचं पुढचं चाक तुटलं. विमान नाकावर बसलं. थ्याच्या कमरेवर."

आत्यानं स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"जिता होता. वरचं अंग बाहेर, हात बाहेर. मी हात धरले अन् ओढलं. टाकी फुटली होती, तेल वाहून राह्यलं होतं. आग लागली. मी ओढत होतो, बाई. पाय विमानाले लावून ओढत होतो. मंग थ्याच्या हाताची कातडी माया हातात आली. हातमोज्यावानी."

माझ्या हातातलं संत्रं मी खाली ठेवलं.

"थो काही बोलला?"

"शिव्या देत होता."

"कोनाले?"

"मले. विमानाले. साऱ्यायले. तुमच्या भाषेत."

"कोन्त्या?"

बाबांनी सांगितल्या. एकामागून एक, हळू आवाजात, लहानपणी पाठ केलेल्या पाढ्यासारख्या. मला तो सूर ओळखीचा वाटला. घणाबरोबर हेच शब्द बाहेर पडत होते. आणि दिल्लीला, दोराच्या आत, पत्र्याला तोंड लावून ते जे म्हणत होते तेही हेच.

"मतलब मले आजही समजत नाई," बाबा म्हणाले. "पन इसरू नाई देल्ल्या. जिथं हंटर दिसलं तिथं त्याले देल्ल्या."

आत्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "माया बापाच्या शिव्या हायेत थ्या," ती म्हणाली. "बैल अडला का बाप अशाच द्याचा. थेच. जशाच्या तशा." आणि हसता हसता तिचा चेहरा फाटल्यासारखा झाला.

"किती वेळ होता थो?"

"मले दोघायनं मागं ओढलं. पेटाऱ्यातल्या गोया तडतड फुटाले लागल्या."

"किती वेळ आवाज येत होता?"

"लय वेळ."

आत्या उठली आणि तिनं बाबांच्या धड गालावर सणसणीत थप्पड मारली. मग आणखी एक. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. मी पुढं झाले तर बाबांनी हातानं मला अडवलं.

"लगेच गेला म्हने तुमी सारे!" ती ओरडली. "मी सकाळ-संध्याकाळ देवाले हात जोडले, का माया भाऊ दुखल्याबिगर गेला म्हून! एवढी वर्सं! कोन्त्या गोष्टीसाठी हात जोडले मी?"

 बाबांचा ओठ फुटून रक्त आलं होतं. ती तशीच बाहेर पडली, स्टँडवर गेली आणि समुद्रपूरची गाडी धरून निघून गेली. त्यानंतरच्या भाऊबीजेला बाबा गेले नाहीत. दिवसभर गल्ल्यावर बसून रस्त्याकडे पाहत होते.

लॉनच्या मालकानं विमानाला पुट्टी भरून परत रंग दिला. आत्यानं निरोप पाठवला, माझ्या भावाचं नाव काढा, तेव्हा त्यानं पाटी उखडून टाकली. आता तिथं लोक लग्नाआधीचे फोटो काढतात. पिकअपवाल्याच्या गालावर डाग कायमचा राहिला आहे, लहान छिद्रांच्या ओळींचा. बऱ्याच महिन्यांनी तो एकदा हॉटेलात आला, पोहे खाल्ले, पैसे ठेवले. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं बाबांकडे पाहिलं. माफी त्यानं मागितली नाही, मीही नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात आत्याचा मोठा मुलगा आला. "मायनं बलावलं," एवढंच म्हणाला.

त्यांच्या घराण्यात मेलेल्या माणसासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. भावाचा कधी केला नव्हता. लढाईवर गेला, सरकारनं सगळं केलं, आपण काय करायचं, असं तेव्हा घरच्यांना वाटलं होतं. आता आत्यानं नाल्यातून एक काळा, उंच दगड बैलगाडीवर आणवला होता. पळसाच्या झाडांखाली तिच्या बापाचा दगड, आज्याचा दगड, त्यांच्या शेजारी खड्डा खणून ठेवला होता. तिनं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "धर."

बाबांनी मोडून सांधलेल्या बरगड्यांसकट दगडाला खांदा लावला. भाचे म्हणत होते, राहू द्या मामा, पण ते सरकले नाहीत. दगड उभा राहिला. माती भरली, हळद लावली. मग एका म्हाताऱ्यानं कोंबडा आणला. कोयता एकदाच खाली आला. मुंडकं नसलेला कोंबडा पंख फडफडवत जमिनीवर उड्या घेत राहिला आणि रक्ताची चिळकांडी दगडावर, बाबांच्या धोतरावर, पायांवर उडाली.  मला वाटलं, बाबा आता कोसळतात. मी त्यांचा दंड धरला तर तो दगडासारखा घट्ट होता. कोंबडा शांत होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग बाजूला जाऊन भडाभडा ओकले.

आत्यानं लोटाभर पाणी आणून दिलं. "धू तोंड," म्हणाली.

जेवणं पळसाखालीच झाली. मोठ्या पातेल्यात रस्सा, भाकरी, मोहाची दारू. बाबा पंगतीत बसले. पहिला घास घेतला आणि वाढणाऱ्या पोरावर खेकसले, "काय बे, रश्शात मीठ टाकलं का इसरला?"

"हॉटेल नाई हे तुमचं, मामा," पोरगं उलट बोललं.

 बाबांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. हात उचलला गेला होताच. मग तो तसाच खाली आला आणि त्यांनी मीठ मागून घेतलं. पोरानं त्यांच्या पानावर कडेला चिमूटभर ठेवलं आणि पुढच्याला वाढायला गेलं.